काल पहिल्यांदा प्राईडमध्ये चालले

आज सकाळी तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरले. पाय अजून दुखतायत, पण झोप येत नाहीये.

काल मुंबईत पहिल्यांदाच प्राईडच्या, म्हणजे आम्हा समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या मोर्च्यात चालले. स्टेशनवरून टॅक्सी केली खरी, पण तोंडाला ओढणी बांधूनच. गावातलं कुणी दिसलं तर? ही भीती किती वर्षांची आहे, सांगता येत नाही.

गर्दीत केशरी-पांढरा-गुलाबी पट्ट्यांचा, लेस्बियन बायकांचा झेंडा दिसला. त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. पुढे दोघीजणी होत्या, पन्नाशीच्या असतील. एकीच्या हातात हापूसच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा, वर मार्करने लिहिलेलं : 'आम्ही दोघी, आमचं घर'. मागच्या बाजूला 'देवगड' हे छापील अक्षर तसंच होतं. ते वाचलं आणि डोळे भरून आले. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरही आहोत आम्ही. ओढणी कधी सोडली, कळलंच नाही.

त्या २२ वर्षं एकत्र राहतायत. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा दोघींनी घरात शिरा केला होता म्हणे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, त्या दिवशी चूलच पेटवली नाही. कायद्याच्या लेखी त्या अजून एकमेकींच्या कुणीच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"ह्यो खंयच्यो गो?"

"देवगडच्यो."

"जेवक बोलव एकदा."