टूसॉनमधलं सेवेकऱ्यांचं घर

जूनमध्ये टूसॉनला जाऊ नका, असं सगळे सांगतात. पारा चाळिशीच्या वर असतो आणि पावसाला अजून अवकाश असतो. पण ज्या घरात मला राहायचं होतं, तिथे एकत्र राहून वर्षभर समाजसेवा करणाऱ्या मुलांचं ते वर्ष जुलैअखेर संपणार होतं. भाची तिथल्या विद्यापीठात शिकते आणि तिची मैत्रीण त्या घरात राहते. "मावशी, येशील तर आत्ताच ये," असं ती म्हणाली आणि मी गेले.

टूसॉन अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात आहे. मेक्सिकोची सीमा तिथून शंभरेक किलोमीटरवर. सोनोरन वाळवंट म्हणजे नुसती वाळू असेल अशी माझी समजूत होती, पण इथे झाडं आहेत, फक्त सगळी काटेरी. हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग घरांच्या अंगणातही दिसतात. त्यांना पहिला फाटा फुटायलाच पन्नास-साठ वर्षं लागतात. सांता क्रूझ नदीचं पात्र शहरातून जातं, आणि बहुतेक ठिकाणी ते कोरडं ठणठणीत असतं.

घर जुनं, बैठं. पाच जण राहतात, सगळे विशीतले. अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चसंस्था तरुणांना असं एक वर्ष देतात. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक पंथातल्या एका संघाने, 1956 मध्ये अलास्कात सुरू केलेलं काम त्यातलं जुनं. हे घर प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या आधाराने चालतं. दिवसभर कुणी निर्वासितांच्या मदत केंद्रात, कुणी अन्नछत्रात, कुणी वस्तीतल्या सामायिक मळ्यात. पगार नाही. राहायची सोय आणि थोडा हातखर्च मिळतो. जेवणाचे पैसे एका डब्यात जमा होतात आणि त्यातच महिना काढायचा. गाडी कुणाकडेच नाही. सायकली आहेत, आणि 2020 पासून शहराच्या बसला तिकीट लागत नाही, हा मोठा आधार.

अशी घरं याच शहरात का टिकून आहेत, ते साऊथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गेल्यावर समजलं. 1906 मध्ये इथल्या तोहोनो ओओधम आदिवासींसाठी सुरू झालेलं हे साधंसं चर्च. 1980 च्या सुमाराला एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून जीव वाचवून लोक वाळवंट तुडवत इथे पोचत होते आणि सरकार त्यांना परत पाठवत होतं. 24 मार्च 1982 रोजी पाद्री जॉन फाइफ यांनी उघड जाहीर केलं, की हे चर्च त्यांना आसरा देईल. आर्चबिशप रोमेरो यांची एल साल्वादोरमध्ये हत्या झाली, त्याला त्या दिवशी दोन वर्षं झाली होती. पुढे देशभरातली शेकडो प्रार्थनास्थळं या चळवळीत आली. खटला झाला. 1986 मध्ये फाइफ आणि त्यांचे काही सहकारी दोषी ठरले, पण कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही. प्रार्थनेची जागा गोल आहे, त्यामुळे बसल्यावर समोरच्यांचे चेहरे दिसतात. मला ते फार आवडलं.

एका शनिवारी पहाटे आम्ही ह्यूमेन बॉर्डर्सच्या ट्रकवर गेलो. 2000 साली निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी मिळून ही संस्था काढली. सीमा ओलांडून चालत येणाऱ्यांसाठी वाळवंटात ठिकठिकाणी पाण्याची निळी पिंपं ठेवायची आणि ती भरती ठेवायची, हे तिचं काम. खरं तर या पाणपोयाच. 1994 पासून अमेरिकेने सीमेवरच्या शहरांजवळचा पहारा कडक केला आणि चोरवाटा वाळवंटाच्या आतल्या भागात सरकल्या. तिथून चालत जायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्या दिवसांचं पाणी कुठल्याच माणसाला पाठीवर वाहून नेता येत नाही. त्या वाटांवर सापडलेल्या मृतदेहांच्या नोंदी चार हजारांच्या वर गेल्या आहेत.

डांबरी रस्ता संपल्यावर ट्रक बराच वेळ खडखडत राहिला. मग झुडपांच्या वर उंच काठीवर निळा झेंडा दिसला. खाली लोखंडी घोडीवर आडवं ठेवलेलं पिंप, सुमारे दोनशे लिटरचं, अंगावर स्पॅनिशमध्ये 'आगुआ', म्हणजे पाणी. भाचीच्या मैत्रिणीने आधी पिंपाभोवती फिरून भोकं आहेत का ते पाहिलं, कारण लोक पिंपांवर गोळ्या झाडतात, सुरेही चालवतात. मग तोटी सोडून पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, एक घोट प्याली. "चांगलं आहे," म्हणाली, आणि ट्रकवरच्या टाकीचा पाइप पिंपाला लावला. पातळी उतरली होती, म्हणजे कुणीतरी पाणी प्यालं होतं. कोण, कुठला, कुठे निघाला, यातलं काहीही विचारलं जात नाही. तहानेल्याला पाणी देणं म्हणजे देवालाच देणं, ही शिकवण मी आपल्याकडेही लहानपणापासून ऐकली आहे. ती इतक्या कसोशीने, तोटी तपासून पाळणारी माणसं मी त्या सकाळी पाहिली.

आणि तरीही या मुलांचं खरं अवघड काम मला घरातच दिसलं. आठवड्यातून एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि मग बैठक, हा नियम. त्या दिवशी विषय होता एसीचा. घरात पाण्याचा कूलरही आहे. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण जुलैत पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि त्याचा उपयोग उरत नाही. मळ्यात दिवसभर उन्हात राबणाऱ्या मुलाचं म्हणणं, रात्री तरी नीट झोप हवी. अन्नछत्रात काम करणारी म्हणाली, ज्यांना आपण जेवायला वाढतो ती माणसं याच उन्हात पुलाखाली झोपतात, आपण किती गारवा घ्यायचा? दोघांचंही खरं होतं. एक जण बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नव्हता. मध्ये एकीला रडू आलं, आणि ते एसीमुळे नव्हतं. महिनाभर ओट्यावरची खरकटी भांडी आपणच घासतोय, हे तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तास-दीड तासाने ठरलं, की दिवसा एसी बंद, रात्री 27 अंशांवर, आणि भांड्यांची पाळी फळ्यावर लिहायची. मग मेणबत्ती लावून छोटी प्रार्थना झाली आणि दोघं उठून भांडी घासायला गेले.

वाळवंटात पाणी नेणं मनाला उभारी देतं. ज्याच्यावर कालपासून चिडलोय त्याच्याच शेजारी बसून जेवणं त्याहून कठीण, आणि ही मुलं ते वर्षभर करतात. रोजच्या त्या भिडण्यातून त्यांच्यात जो सोशिकपणा येतो, तोच त्यांना दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या दमलेल्या, भेदरलेल्या माणसांपुढे शांत ठेवतो, असं मला त्या घरात राहून पक्कं वाटू लागलं.

गुरुवारी संध्याकाळी जुन्या वस्तीतल्या एल तिरादितो या विटामातीच्या उघड्या देवस्थानापाशी गेलो. पापी म्हणून पवित्र भूमीत जागा नाकारलेला एक माणूस इथे पुरला आहे, अशी आख्यायिका. वाळवंटात जीव गमावलेल्यांसाठी तिथे प्रार्थना होते. आम्ही धरून दहा-बारा जण होतो.

वर्ष संपल्यावर भाचीची मैत्रीण गावी परतली नाही. तिने टूसॉनमध्येच निर्वासितांच्या शाळेत नोकरी धरली आणि आणखी तिघींबरोबर घर भाड्याने घेतलं. त्यातल्या एका खोलीत आता माझी भाची राहते. भांड्यांची पाळी तिथेही फळ्यावर लिहिलेली असते.