तुम्ही विचारलंत म्हणून: गावची माती का नाही?

वरोऱ्याहून येणारा टेम्पो माझ्या दारात बिकानेरच्या मातीची पोती उतरवू लागला की कोणीतरी विचारतंच, "चहूकडं माती पडली हाये, अन् तुम्ही माती इकत आनता?" शहरातून कप घ्यायला येणारे हेच जरा गोड करून विचारतात. आजवर विषय बदलत आले. आज सांगते.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा कप वाळतानाच तडकतो. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि नंतर कधीतरी हवेतली ओल शोषून तो फुगतो, भांड्याची कपची उडवतो.

तलावातल्या गाळाचं तसं नाही. ती गुणाची माती. गावातले कुंभारकाका तिचेच माठ करतात. त्यांच्या माठाइतकं गार पाणी माझ्या कुठल्याच भांड्यात होणार नाही, कारण माझी भांडी स्टोनवेअरची, म्हणजे कडक आचेला घट्ट भाजलेली, ती पाझरत नाहीत.

त्यांच्याकडे मी माती मागितली होती. पैसे घेतले नाहीत. खडे वेचून, तुडवून, स्वतः घरी आणून दिली आणि माझ्या विजेच्या चाकावर बसून वाट्याही काढल्या. माझा हात अजून तसा फिरत नाही. भट्टी उघडायच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले होते.

त्यांचा आवा, म्हणजे माठ भाजायची भट्टी, जेमतेम आठ-नऊशे अंशांचा. माझी भट्टी गेली होती १२८०ला. त्या मातीत लोह भरपूर, चुना भरपूर. एवढ्या आचेला ती वितळतेच. शेल्फवर वाट्या नव्हत्या, गुळाच्या पाकासारखे तपकिरी, चकाकते थापे होते. शेजारी बिकानेरच्या मातीचे कप ताठ उभे. काकांनी थाप्यावर नख ओढून पाहिलं. मग कपांकडे बघत म्हणाले, "माही माती बेकार निघाली काय वं पोरी?"

"नाही काका. ती आव्याची माती आहे, एवढ्या आचेची नाही."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. जन्मभर ज्या मातीवर घर चाललं ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली होती, आणि माझ्याकडे तेवढं एकच वाक्य होतं. पुढं ते माझ्या भट्टीकडे फिरकले नाहीत. भेटले की पावसापाण्याचं बोलतात. तुमच्या प्रश्नावर मी फटकन बोलते ते यामुळे.

त्या थाप्यांनी एक शिकवलं: जे वितळतं त्याचं ग्लेझ होतं, भांड्यावरचा काचेसारखा लेप. तीच गाळमाती गाळून, कपाशीच्या पऱ्हाटीची राख मिसळून मी आता कपांना लावते. मधासारखा तपकिरी रंग येतो, कडांवर काळसर.

म्हणजे अंग राजस्थानचं आणि कातडी इथली? सुरुवातीची मी असते तर याला फसवणूकच म्हणाले असते. तिला 'गावच्या मातीचे कप' असंच लेबल हवं होतं. मी तिला म्हणते, बाई, भट्टीच्या गॅसचं सिलिंडर तरी कुठं इथल्या विहिरीतून निघतं? ती म्हणते, सिलिंडरातून कोणी चहा पीत नाही. यावर मला अजून बोलता आलेलं नाही. तूर्त लेबलावर फक्त गावाचं नाव आहे.

गावचीच माती हवी असेल तर काकांकडे जा आणि माठ घ्या. भाव करू नका. फेब्रुवारीत गेलात तर निवडायला भरपूर असतात.