कानाला दडे, नाकाला दोष

संक्रांत झाली, रथसप्तमी तोंडावर आली, तरी उजव्या कानाचे दडे काही पूर्ण सुटत नाहीत. मधेच मोकळा होतो, तासाभरात परत गच्च.

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सध्या कोहरा असा आहे की गच्चीवरचे कपडे संध्याकाळीही ओले ते ओलेच. सर्दी घरात सगळ्यांनाच झाली आणि सगळ्यांची गेली. माझी तेवढी कपाळात ठाण मांडून बसली. चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी गालाच्या हाडात ठणका. मग वरच्या दाढा दुखायला लागल्या आणि मी दातांच्या डॉक्टरांकडेच निघाले होते. नवऱ्याने आधी कान-नाक-घसावाल्या बाईंकडे नेलं, ते बरं झालं. गालाच्या हाडामागे जी पोकळी असते, तिचा तळ वरच्या दाढांच्या मुळांना जवळजवळ टेकलेला असतो म्हणे. तिथे सूज आली की दाढा ठणकतात, दात अगदी धड असले तरी.

काल शिंद्यांची छावणी या भागात वहिनींकडे हळदीकुंकू होतं. उजवीकडे बसलेल्या काकू काय विचारतायत ते मला ऐकूच येईना, नुसती मान डोलवत होते. "कानाला काय झालं गं?" एवढं कुणीतरी विचारलं मात्र, तिळगुळाबरोबर उपायही हातावर पडायला लागले. लसूण तेलात कडकडवून दोन थेंब घाल. रुईचं पान शेकून पिळ. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कपाळ शेक. आमच्या आतेसासूबाईंनी सगळ्यांना थांबवून निकाल दिला, "वेखंड उगाळून लाव, आणि गजक बंद!" गजक म्हणजे इथली तीळ-गुळाची खुसखुशीत वडी. ग्वाल्हेरात राहून जानेवारीत गजक बंद!

यातले बरेच उपाय कानात काहीतरी ओतायचे. पण माझं दुखणं कानाच्या त्या बाजूचं नाहीच. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते, मोठ्या माणसात साधारण ३.५ सेंटिमीटरची. आवंढा गिळला, जांभई दिली की ती क्षणभर उघडते आणि कानात हवा जाते. नाकात सूज असली की तिचं तोंड मिटतं. आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, म्हणजेच दडे बसतात. बाहेरून घातलेलं तेल पडद्याशीच थांबणार, त्या नळीपर्यंत पोचणार कसं? आणि पडद्याला भोक असलं तर पोचेलही, मग नवीनच दुखणं. कानात मळ साचून दडे बसले असतील तर तेलाने तो मऊ होतो, तेवढं खरं. पण मळ आहे की सूज, हे आत बघितल्याशिवाय कसं कळणार?

घरी येऊन वेखंड मात्र उगाळलं. सहाणेवर चार वळसे घेतले तोच वास थेट डोळ्यांत. कपाळावर लेप वाळत आला की कातडी ताणल्यासारखी होते, ऊब येते, बरं वाटतं. सूज उतरते यावर माझा विश्वास नाही. वाफेचंही तसंच, घटकाभर आराम. लहान पोरांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नये, भाजल्याच्या घटना याच्यातूनच होतात.

मला उतार पडतोय तो मिठाच्या पाण्याने. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, पाव लिटरला अर्धा छोटा चमचा मीठ. बेसिनवर वाकून मान तिरकी करायची, तोंडाने श्वास घ्यायचा, वरच्या नाकपुडीत नेतीच्या, म्हणजे नाक धुवायच्या, लोट्याची चोच. पहिल्यांदा नाकाचं शेंड्यापासून मुळापर्यंत चरचरलं. मग दुसऱ्या नाकपुडीतून जे बाहेर आलं त्याचं वर्णन इथे नको. नंतर हळूच शिंकरायचं. जोर केला तर तेच कानाकडे जातं. पाणी उकळायचा कंटाळा मात्र चालत नाही. २०११ साली अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करून दोन माणसं गेली, पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूत शिरला होता. आमच्याकडे तर टाकीचं पाणी.

नाक झटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांवर घालू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. पुढे त्या थेंबांनीच नाक चोंदतं. अँटिबायोटिक लिहून दिलं नाही म्हणून नवरा नाराज होता, पण अशी दुखणी बहुतेक विषाणूंचीच. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर मग विचार. डोळ्याभोवती सूज आली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. सर्दीबिर्दी नसताना कान एकाएकी ऐकेनासा झाला तरीही तसंच. त्यात उशीर केला तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं.

आज दुपारी नेतीनंतर आवंढा गिळताना कानात टुक् झालं आणि शेजारच्या कुकरची शिट्टी एकदम अंगावर आली. बराच वेळ कान मोकळा राहिला. संध्याकाळी आतेसासूबाईंचा फोन.

"वेखंड लावलंस ना?"

"लावलं."

"मग! मी म्हटलं नव्हतं?"

मी हो म्हटलं. गजकेचं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.