खांद्यावरचं फडकं

आमच्या घरात सध्या प्रत्येकाच्या खांद्यावर एक फडकं असतं, अगदी बाबांच्या पण, परवा ते तसेच विश्रामबागला भाजी आणायला गेले आणि भाजीवालीनंच विचारलं, नात का नातू? नात ओ, चार महिन्यांची, आणि दूध पिऊन झालं की पाचव्या मिनिटाला गुळणी, आंबूस वासाची, दह्यासारख्या गुठळ्या, थेट माझ्या मानेवरून ब्लाऊजमध्ये. सुरुवातीला मी जाम घाबरले होते. डॉक्टरांनी वजन केलं, वाढ बघितली आणि म्हणाले काही नाही, अन्ननलिका आणि जठराच्या मधली झडप अजून कच्ची आहे, साधारण चौथ्या महिन्यात हे सगळ्यात जास्त असतं, बसायला लागली की कमी होईल, बहुतेक मुलांचं वर्ष-दीड वर्षात थांबतंच.

आता एकदम पोटभर पाजत नाही, थोडं थोडं पाजते, मध्येच ढेकर काढते, नंतर २०-३० मिनिटं उभं धरते. रात्री तीन वाजता हा अर्धा तास म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत! सासूबाई म्हणाल्या पालथी झोपव, पण ते नाही ऐकलं, झोपवायचं उताणंच, डॉक्टरांनी ठासून सांगितलंय, आणि डोक्याखाली उशी पण नको.

उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, पिचकारीसारखी जोरात यायला लागली किंवा वजन वाढेना झालं तर मात्र लगेच दवाखाना.

बाकी आज सकाळपासून सात फडकी धुतलीत आणि बाहेर पाऊस.