महामार्गावरचा लेख तपासायचा असेल तर क्रमांकापासून सुरुवात करा

विकिपीडियावर रस्त्याचा लेख तपासायला घेतला की भाषा, फोटो आणि संदर्भांची संख्या नंतर बघावी. आधी क्रमांक. राष्ट्रीय महामार्ग ६६ घेतला तर कारण लगेच कळतं.

'६६ म्हणजे पूर्वीचा १७' असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुना १७ पनवेलहून निघून कोचीतल्या इडपल्लीला संपायचा. तिथून कन्याकुमारीपर्यंतचा पट्टा जुन्या ४७ चा होता. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले आणि हे दोन्ही तुकडे ६६ मध्ये आले. त्यामुळे माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूला असणाऱ्या थोडक्यात माहितीच्या तक्त्यात) लांबी १२६९ किमी दिसली तर ती जुन्या १७ ची. ६६ ची लांबी १६०० किमीच्या पुढे जाते. शेवट कन्याकुमारी आणि लांबी १२६९ अशी जोडी एकाच चौकटीत असेल, तर आकडे दोन ठिकाणांहून उचललेत हे नक्की. मग लेखातला बाकीचा एकही आकडा तपासल्याशिवाय सोडू नये.

'मुंबई-गोवा महामार्ग' हे नाव लोकांच्या तोंडी आहे, ते लेखात हवंच. पण रस्ता मुंबईत सुरू होत नाही आणि गोव्यात संपत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

मार्गवर्णन वाचताना नकाशा शेजारी उघडा ठेवा आणि गावं क्रमाने लावून बघा: पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी घाट, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ. या यादीत अलिबाग, रत्नागिरी किंवा मालवण घुसलं असेल तर ते काढा. अलिबागला वडखळहून फाटा जातो, रत्नागिरीला हातखंब्याहून, मालवणला कसालहून. सावंतवाडी शहरही झाराप-पत्रादेवी बायपासमुळे बाजूला पडलं आहे. जुन्या संदर्भावरून लिहिलेल्या लेखात महामार्ग अजून शहरातूनच जातो.

सर्वांत लवकर शिळा होतो तो चौपदरीकरणाचा भाग. 'काम सध्या सुरू आहे' हे वाक्य तारखेशिवाय दिसलं की खूण करून ठेवा. पळस्पे-इंदापूर (रायगड जिल्ह्यातलं) या ८४ किमीच्या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, पुढे मुदती बदलत गेल्या. 'अमुक महिन्यात पूर्ण होईल' अशी घोषणेची बातमी रस्ता पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून चालत नाही. घोषणा हवी तर घोषणा म्हणूनच लिहावी, तिच्या तारखेसह, आणि रस्ता खुला झाल्याची बातमी वेगळी शोधावी.

इतिहासात सावित्री पुलाची दुर्घटना असतेच. तिथे 'महाडजवळचा पूल कोसळला' एवढ्यावर थांबू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला तो ब्रिटिशकालीन दगडी पूल. शेजारचा नंतर बांधलेला पूल उभाच होता. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. पडलेल्या पुलाच्या जागी बांधलेला पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. एका गावाजवळच्या तीन पुलांचा विषय आहे, तर प्रत्येक वाक्य कोणत्या पुलाबद्दल आहे ते वाचकाला कळायला हवं. फोटोखालच्या ओळीतही तेच: कोणता पूल, कोणत्या वर्षी टिपलेला.