झेपली नाही का?

आज राज्यशास्त्राच्या विशेषीकरणाचा फॉर्म देऊन टाकला. प्रमुख विशेषीकरण: तुलनात्मक राजकारण. खालच्या रकान्यात, दुय्यम: राजकीय सिद्धांत. वर्गातली मैत्रीण शेजारून डोकावली आणि म्हणाली, "अगं, थिअरी सोडलीस? झेपली नाही का?"

हसत म्हणाली. मीही हसले. दुपारपासून डोक्यात तेवढंच चाललंय.

पहिल्या वर्षी मी थिअरीचीच होते की. सार्वभौम कोण, तर अपवादाची, म्हणजे नेहमीचे कायदे बाजूला ठेवायची, वेळ कधी आली हे जो ठरवतो तो. जर्मन विचारवंत कार्ल श्मिटचं 1922 मधलं हे म्हणणं वाचून मी झपाटलेच होते. मग प्रश्न पडला, हे 'ठरवणं' प्रत्यक्षात होतं कसं? जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेचं कलम 48, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचे आणीबाणीचे अधिकार, एकट्या राष्ट्राध्यक्ष एबर्टनी 100 हून जास्त वेळा वापरलं. फ्रान्सच्या 1958 च्या घटनेतलं तसंच कलम 16 आजवर एकदाच निघालं, 1961 मध्ये, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हातून. एक वापरून वापरून गुळगुळीत झालं, दुसरं नुसतं पडून. का? त्या 'का'च्या मागे लागले आणि कधी तुलनावाली झाले, कळलंच नाही. यात न झेपण्यासारखं काय आहे?

(पहिल्या वर्षाचा तो निबंध... जाऊ दे.)

मॅडमचं मत ठरलेलं: "नोकरीच्या जाहिरातीत जे छापून येतं ते लिही." त्यांचं बरोबरच आहे. मला मात्र नोकरीचं नव्हतं विचारायचं.

बरं, आणीबाणी हा विषय नेमका कुठल्या शाखेचा? 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम 4 आहे: आणीबाणीत हक्क स्थगित केलेत तर संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत करारातल्या बाकीच्या देशांना कळवा. म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधवाले म्हणणार, आमचा. आदेश अमलात कोण आणतं ते लोकप्रशासनवाले विचारणार. आणि संशोधन-पद्धतीवाले? "केसेस फक्त दोन?"

आमच्या विषयातली माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसतात, असं अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ गॅब्रिएल आल्मंड यांनी 1988 मध्येच लिहून ठेवलंय. वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. आज मला माझं टेबल मिळालं, आणि माझा कान शेजारच्या टेबलाकडे.

झेपली नसेलही थोडी.

आत्ता फॉर्मची झेरॉक्स काढून बघितली. दुय्यमच्या रकान्यात 'सिंद्धात' लिहिलंय. अनुस्वार एक घर आधी पडलाय. तिने डोकावून नेमकं हेच कसं पाहिलं नाही!