पेपरात नाव येणार का?

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस. दिंडोरी रस्त्यावरच्या माझ्या छोट्या हॉस्पिटलात संध्याकाळी एका मजुराला धरून आणलं. चेहरा, मान, छाती लालबुंद, धडधड होतेय, बीपी खाली गेलेलं. द्राक्षपट्ट्यातला कुठलाही डॉक्टर म्हणेल तेच मी म्हणालो, फवारणीची विषबाधा. पण डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या नव्हत्या, तोंडाला लाळही नव्हती. आमच्या सिस्टरांनी त्याचे हात उलटे करून पाहिले. बोटांची कातडी सोलवटली होती. "पेस्ट लावायला गेला होता का?" त्यांनी विचारलं. मग हळूच, "आणि घरी येऊन घेतली का?" दोन्हीला मान हलली.

छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यालाच आपल्याकडे पेस्ट म्हणतात. दारू पचवताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि एक एन्झाइम ते पुढे मोडतं. सायनामाइड नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर कुणी प्यायला तर जे होतं, तेच इथे होतं. त्याला सलाईन लावून रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, सकाळी तो चालत गेला. त्याच हंगामात आणखी दोघे आले.

पुस्तकात हे आहे. पण तालुक्यातल्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला ते आठवायला हवं, म्हणून केस रिपोर्ट, म्हणजे या रुग्णांच्या नोंदींवरचा लेख, लिहायला घेतला. आधी एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. काही दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं: आमच्या वाचकांना याचं फारसं महत्त्व वाटणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंश आणि त्यावरच्या प्राझोसिन या औषधाचं काम १९८६ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं, हे मी विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगत आलोय. पण दर वेळी लंडनची वाट पाहायची का?

एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आपल्या भागातल्या डॉक्टरांसाठी निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकाचं नाव सुचवलं. त्याची उद्दिष्टं मी नीट वाचली. या भागातल्या लोकांना होणारे आजार, इथल्या कामातून, पाण्यातून, शेतीतून येणारे धोके, आणि छोट्या दवाखान्यातली निरीक्षणं. मला हेच हवं होतं. प्रादेशिक नियतकालिकानं मोठ्यांची लहान प्रत होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सिकलसेल, सर्पदंश, पेस्ट लावणाऱ्यांचे हात हे विषय इथे पहिल्या पानावर यायला हवेत.

आपल्याच भागातलं म्हणून सोपं जाईल, हा समज मात्र पहिल्याच महिन्यात गेला. लेख तपासणाऱ्या दोन परीक्षकांनी मिळून चार पानं प्रश्न पाठवले. पेस्ट लावल्यापासून किती वेळानं दारू घेतली? हातमोजे होते का? रक्तदाबाचे आकडे वेळेसकट द्या. मी फोटोत रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावली होती. त्यांनी लिहिलं, डोळे झाकल्यानं ओळख लपत नाही, हा आंतरराष्ट्रीय संपादकांचाच नियम आहे, आणि छापण्यासाठी लेखी संमती कुठे आहे? उपचारांची संमती माझ्याकडे होती. छापण्याची नव्हती.

नंतर आलेले दोघे रुग्ण जवळच होते. पहिला रुग्ण मात्र हंगाम संपवून सुरगाण्याकडे परतला होता. रविवारी गाडी काढली, वणी मागे टाकलं आणि विचारत विचारत त्याच्या पाड्यावर पोचलो. अंगणात नागली वाळत होती. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, पेपरात नाव येणार का माझं?"

त्याला वर्तमानपत्र म्हणायचं होतं. दारू पिऊन पडला अशी बातमी गावभर होईल, ही भीती. मी सांगितलं, नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, फक्त हात दिसतील. "हात दाखवा," तो म्हणाला. "हात सगळ्यांचे तसेच होतात." मग बायकोला बोलावून तिलाही ऐकायला लावलं आणि सही केली. नाही म्हणाला असता तर त्याची केस मी काढून टाकली असती. परत येताना पटलं की परीक्षकांनी मला पाठवलं ते बरं केलं.

लेखकांच्या नावांवरून थोडी कुरबूर झाली. एका वरिष्ठांना काही न लिहिता आपलं नाव हवं होतं. नियम स्पष्ट आहेत: कामात वाटा, लिखाणात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी. त्यांचं नाव गेलं नाही. सिस्टरांचं गेलं, कारण निदानाचा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मसुदाही ओळ न् ओळ वाचला होता.

लेख स्वीकारल्यावर मी संपादकांना एक विनंती केली. इंग्रजी लेखासोबत अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा छापा, म्हणजे आशाताई आणि बागायतदारही वाचतील. ते लगेच हो म्हणाले, पुढच्या अंकापासून सगळ्याच लेखांना तसं विचारू म्हणाले. मी गोषवारा लिहिला: "पेस्ट लावण्याच्या काळात मद्यसेवन टाळावे." सिस्टरांनी पेन घेऊन 'मद्यसेवन टाळावे' खोडलं आणि वर लिहिलं, "दारू पिऊ नका. आदल्या दिवशीही नाही, नंतरचे काही दिवसही नाही."

तसंच छापून आलं.